कुरकुर थांबली तेव्हा

२ फेब्रुवारी, सोमवार

आज ओळंब्याचं डोकं आपटलं. चांगलंच! दुकानाच्या मागच्या खोलीत फ्रेमच्या पट्ट्यांची मांडणी आहे. खालच्या फळीवरून पट्टी काढायला ते वाकले आणि उठताना वरच्या फळीचा कोपरा थाडकन लागला. उजव्या बाजूला, कानाच्या वर. मी पुढे काच पुसत होते. आवाज असा झाला की मला वाटलं काचच गेली.

(ओळंबा, म्हणजे गवंड्याचा भिंत सरळ बघायचा दोरा, हे नाव फक्त या पानावर. समोर अर्थातच "बाबा". पण जो माणूस दुसऱ्याच्या घरी गेला तरी बसायच्या आधी भिंतीवरचं चित्र सरळ करतो, त्या सासऱ्याला मी दुसरं काय म्हणू?)

रक्त नाही आलं. टेंगूळ मात्र लिंबाएवढं. मी म्हटलं, "बाबा, डॉक्टरांना दाखवून येऊ या." झालं, सुरूच झाले — डॉक्टर कशाला, आधी ती फळी एवढी पुढे कुणी ओढून ठेवली ते सांग. काचेवर फडका गोल गोल फिरवायचा नाही हे किती वेळा सांगायचं. आणि बर्फ आणतेस तो टॉवेलात नीट गुंडाळून आण, पट्ट्यांवर पाणी गळलं तर लाकूड फुगेल.

नवऱ्याला फोन केला. तो बस डेपोत असतो, गाड्यांच्या वेळा लावतो. त्याने एकच विचारलं, "कुरकुर करतायत का?"

"थांबतायत कुठे!"

"मग बरे आहेत."

हा आमच्या घरचा थर्मामीटर. सासूबाईंनी घालून दिलेला. ताप असो, खोकला असो, पोट बिघडलेलं असो — यांची कुरकुर चालू आहे तोवर घरचे उपाय, कुरकुर थांबली की डॉक्टर. त्या म्हणायच्या, "यांचं तोंड बंद झालं की मला हाक मारा, मी चप्पल घालते." माझं लग्न झाल्यापासून ते तोंड बंद झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. सासूबाई स्वतः मात्र कशाबद्दलच बोलायच्या नाहीत. त्यामुळे त्यांच्यासाठी थर्मामीटरच नव्हता. त्यांचं दुखणं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

३ फेब्रुवारी

चहा पाणचट. मी भिंतीत ठोकलेला हूक अर्धा बोट डावीकडे. माझं जिन्यावरून उतरणं हत्तीसारखं. म्हणजे सगळं ठीक. टेंगूळ पण उतरलं.

८ फेब्रुवारी, रविवार

दुकान बंद. जेवून बाबा वर झोपायला गेले आणि मी खाली मागच्या खोलीत जाऊन बहिणीला फोन लावला. वर घर, खाली दुकान, मोकळं बोलायला जागा म्हणून तीच एक खोली. काय काय बोलले देव जाणे. म्हटलं, ते मागे येऊन उभे राहिले ना की कटर हातात थरथरतो. काचेवर सरळ रेघ ओढता येत नाही. रोज सकाळी उठून परीक्षेला बसायचं आणि रोज नापास व्हायचं, स्वतःच्याच घरात. बोलता बोलता रडायलाच लागले. लहान मुलासारखी, आवाज काढून. बहीण म्हणाली, "सांग ना त्यांना तोंडावर." हो, सांगते! काय बिशाद.

मग हलकं वाटलं. बाहेर दुकानात आले तर काउंटरवर त्यांचा चष्मा. सकाळी राहिला असेल. जिन्यातला दिवाही चालू, भर दुपारी. दिवा बंद केला, चष्मा वर नेऊन दिला. जागेच होते, छताकडे बघत पडलेले. चष्मा घेतला. काही बोलले नाहीत.

१२ फेब्रुवारी

आज ते "छान" म्हणाले.

एका मुलीचा पदवीदानाचा फोटो होता. चारही कोपरे मी एकटीने जुळवले होते. त्यांनी फ्रेम उचलली, नेहमीसारखा कोपऱ्यावरून अंगठा फिरवला — आता निघेल काहीतरी, म्हणून मी श्वास रोखून उभी — आणि म्हणाले, "छान झालंय."

मी मागे वळून पाहिलं. वाटलं, कुणी गिऱ्हाईक आलंय की काय.

१५ फेब्रुवारी, रविवार

भाजीत मीठ घालायला विसरले. नवऱ्याने पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं. बाबा शांतपणे जेवत होते. मी म्हटलं, "बाबा, मीठ देऊ?" तर म्हणाले, "चालतंय की." मीठ नसलेली भाजी! ज्यांना कोपऱ्यातली केसाएवढी फट दिसते त्यांना मीठ कळू नये?

आठवडाभराचा हिशेब — एकही टोमणा नाही. हूक नाही, फडका नाही, जिना नाही. दोन-तीन दिवस तर ते मागेही येऊन उभे राहत नाहीत. समोर स्टूल घेऊन बसतात आणि रस्त्याकडे बघतात. गंमत म्हणजे माझ्या रेघा सरळ यायला लागल्यात.

नवरा खूश आहे. म्हणतो, "म्हातारपण एकदाचं कामाला आलं." मला मात्र कोडं पडलंय. एवढी कुरकुर — घर भरून वाहत होती — गेली कुठे? माणूस एका गुरुवारी सकाळी उठतो आणि गोड होतो? असं कसं? रोज सकाळी उठल्यावर माझा पहिला विचार हाच असतो. आज तरी कळेल का.

१९ फेब्रुवारी

मुद्दाम केलं. एका छोट्या फ्रेमचा कोपरा थोडा उघडा ठेवला. नखाची कड जाईल एवढी फट. त्यांच्यासमोर ठेवली. अंगठा फिरला. कोपऱ्यावर थांबला? मला वाटलं, थांबला. मग पुढे गेला.

"बरी आहे."

बरी आहे! या फटीसाठी पूर्वी मला दोन दिवस व्याख्यान ऐकायला लागलं असतं. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी मीच गुपचूप उघडून नीट केली.

२२ फेब्रुवारी, रविवार

मोठा प्रयोग. वर बैठकीच्या खोलीत जहाजाचं चित्र आहे. कुणीतरी फ्रेम करायला टाकलं आणि न्यायला आलंच नाही, ते आमचंच होऊन बसलंय. समोरच बाबांची खुर्ची. चित्रात समुद्राची रेघ लांबलचक आडवी, त्यामुळे जरा हललं तरी लगेच कळतं. घरात कुणी धूळ झटकली की बाबा आधी त्या चित्राकडे बघणार हे ठरलेलं. आज ते आंघोळीला गेल्यावर मी त्याचं डावं टोक थोडं खाली केलं.

आले. खुर्चीत बसले. चित्राकडे बघितलं — बघितलंच, मी दारातून पाहत होते. मग वर्तमानपत्र उघडलं.

२४ फेब्रुवारी

अजून थोडं खाली केलं. आता जहाज उतारावरून निघाल्यासारखं दिसतंय. नवऱ्याच्याही लक्षात आलं, आणि त्याच्या लक्षात यायला घराला आग लागावी लागते! "हे काय?" म्हणाला. मी डोळ्यांनी गप्प केलं. बाबा समोर बसून चहा पीत होते. शांत.

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. कोपऱ्याची फट, मीठ, जहाज. तो म्हणाला, "तू माझ्या बापावर प्रयोग करतेस?"

"हो. आणि तो नापास होतोय."

जरा हसला. मग हसायचा थांबला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

चादरी बदलताना त्यांच्या उशीखाली बामची बाटली सापडली. जवळजवळ संपलेली. विचारलं, "डोकं दुखतंय का बाबा?" म्हणाले, "छे. डास चावला होता."

कपाळाला? रोज?

सकाळी ते खाटेच्या कडेला बसून उजव्या कानाच्या वर तळवा दाबून धरतात. मी दाराशी आले की हात खाली. दुपारी स्टूलवर बसल्या बसल्या पेंगतात. पूर्वी दुकानात पेंगणाऱ्या माणसाला ते आळशी म्हणायचे.

डोकेदुखीची साधी गोळी दिली. हृदयाच्या रोजच्या गोळीबरोबर निमूट घेतली. तेसुद्धा विचित्रच! गोळी कुठली, कधी संपते, कुठल्या दुकानातून आणली, असं काही विचारलं नाही.

१ मार्च, रविवार

बाबा जिना उतरून खाली आले आणि मला म्हणाले, "आज हवा बरी आहे." मी त्यांच्या पायांकडे बघत होते. उजव्या पायात चप्पल. डावा पाय उघडा. डावी चप्पल मागे जिन्यातच पडलेली, वरच्या पायरीवर. त्यांना पत्ताच नाही.

"बाबा, चप्पल."

त्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ. स्वतःचा नाही, दुसऱ्या कुणाचा तरी पाय असल्यासारखं. मग म्हणाले, "सैल झालीय." मी वर जाऊन चप्पल आणली. त्यांच्या पायात घालून पाहिली. अजिबात सैल नाही.

मग मला छंदच लागला. दिवसभर त्यांच्या डाव्या बाजूवर नजर. शर्टाची बटणं उजव्या हातानेच लावतात. कप उजव्याच हाताने. चालताना डाव्या पायाचा आवाज येतो — उजवा उचलून पडतो, डावा थोडा ओढत येतो. नेहमी असंच चालायचे का? कुणाला माहीत! आपण रोजच्या माणसाकडे कधी नीट बघतो? ते माझ्याकडे बघायचे. मी कधी त्यांच्याकडे पाहिलं?

२ मार्च

नवऱ्याशी वाजलं. मी म्हटलं, डॉक्टरकडे नेऊ या. तो म्हणाला, काय सांगणार डॉक्टरांना? गोड बोलतात म्हणून?

"कुरकुर थांबली की डॉक्टर. नियम तुझ्या आईचा आहे."

"आई आजारपणाबद्दल म्हणायची. हे तर सुधारलेत!"

"आणि चप्पल?"

"वय झालंय त्यांचं. पाय ओढतातच या वयात. गुडघ्याला तेल लाव, चार दिवस आराम करू दे, बघू."

खरं सांगायचं तर तो मूर्ख नाही. त्याला वडील गोड हवेत. लहानपणापासून हवे होते. आता मिळालेत तर कुणी काढून घ्यायला नको, एवढंच.

३ मार्च, मंगळवार

नणंदेला फोन केला. ती दूर असते. म्हटलं, तिचं वजन पडलं तर नवरा ऐकेल. तर तीच रडायला लागली. "वहिनी, परवा बाबांनी मला फोनवर विचारलं, तू कशी आहेस. आयुष्यात पहिल्यांदा. मी कशी आहे हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं गं. आता उगाच औषधबिवषध देऊन त्यांना बिघडवू नका."

फोन ठेवला आणि बसून राहिले.

लिहितेच आता. मलाही नकोय. डॉक्टरने एक गोळी दिली आणि जुने बाबा परत आले तर? पुन्हा मागे येऊन उभे राहिले तर? हा म्हातारा मला आवडायला लागलाय. काल त्याने मला फोटोभोवतीचा माउंटचा कागद तिरपा कापायची त्याची खास पकड दाखवली — आजवर कुणालाच दाखवली नव्हती. सुरी हातात देऊन म्हणाला, "तुला येईल." मला आलंसुद्धा! या माणसासाठी मी जहाज असंच वाकडं ठेवायला तयार आहे. चप्पल मी रोज आणून देईन.

असं आज दिवसभर वाटत होतं. मग संध्याकाळी पुन्हा सासूबाई आठवल्या. त्याही कुणाला त्रास देत नव्हत्या. किती गुणाची बाई, म्हणून आपण सगळे कौतुक करत बसलो.

५ मार्च

काच पडली. मोठी नाही. बाबांनी दोन्ही हातांनी धरली होती, डावा हात आपोआप सुटला. पायावर पडली नाही हे नशीब. तुकडे माझ्या पायापाशी आले. आणि ते काय म्हणाले? "तुला लागलं नाही ना?"

पूर्वी काच फुटली की दुकानातली काच कशी धरावी यावर प्रवचन असायचं, मग ती कुणीही फोडो. आज ते डाव्या हाताकडे बघत उभे होते आणि घाबरलेले होते. बाबांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, म्हटलं, "दाबा." दाबला. उजवा घट्ट. डावा — जसा कुणी झोपेत हात धरावा तसा.

बस्स. आता नवऱ्याला विचारायचं नाही, सांगायचं. उद्या सकाळी.

६ मार्च, शुक्रवार

नेलं.

नवरा रजा काढून आला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई. बाबांनी त्यांना काय सांगावं? "मला काही होत नाही. सून उगाच काळजी करते." मी सगळं धडाधडा सांगितलं — बाम, चप्पल, काच, दुपारची झोप. जहाजाचंही सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि स्वभाव?"

नवरा म्हणाला, "गोड झालाय."

त्या हसल्या नाहीत.

मग त्यांनी बाबांना उभं केलं. दोन्ही हात समोर सरळ, तळवे वर, डोळे मिटा. असंच थांबा. मी आणि नवरा भिंतीशी. उजवा हात जागच्या जागी. डावा हळूहळू आत वळला आणि खाली यायला लागला. जराजरासा. ढिल्या खिळ्यावरची फ्रेम उतरते तसा. बाबांना कळतच नव्हतं. डोळे मिटून ते दोन्ही हात सरळ आहेत अशा खात्रीने उभे होते. ज्यांना दुसऱ्याच्या घरातला सूतभर वाकडेपणा खपत नाही, ते!

"डोक्याला कधी मार लागला होता?"

"नाही," मी म्हटलं. नवराही म्हणाला, नाही.

"आठवा. महिना, दीड महिना मागे. अगदी साधा सुद्धा."

आणि मग मला तो थाडकन आवाज आठवला. कानाच्या वर. उजवीकडे. रोज सकाळी तळवा दाबतात नेमकी तीच जागा! माझ्या डोळ्यांसमोर होती सगळा वेळ. मी डाव्या बाजूकडे बघत राहिले आणि उजवीकडचं विसरले.

बाईंनी सांगितलं. या वयात कवटीच्या आत अगदी बारीक शीर फुटते, रक्त थेंब थेंब साठत राहतं, आठवड्यांनी मेंदू दाबायला लागतं. हृदयाची जी गोळी बाबा रोज घेतात तिने रक्त पातळ राहतं, म्हणून जास्तच. उजवीकडे साठलं की डावी बाजू लुळी पडते. "ही गोळी घेणाऱ्याचं डोकं आपटलं की त्याच दिवशी दाखवायचं. भांडत असला तरी." तेवढं बोलून त्यांनी लगेच मोठ्या हॉस्पिटलला फोन केला. थांबायला वेळ नव्हता.

मी विचारलं, "आणि गोड होणं? तेही त्यामुळेच?"

"असू शकतं. होतो स्वभावात बदल."

नवरा खाली बघत होता. मला माहीत आहे तो काय विचार करत होता. मीही तोच करत होते.

७ मार्च

डोक्याच्या स्कॅनच्या फोटोत दिसलं. उजवीकडे एक जाड करडी चंद्रकोर. आज सकाळी कवटीला दोन छोटी भोकं पाडून रक्त काढलं. आत नेताना बाबांनी माझा हात धरला, उजव्या हाताने, आणि म्हणाले, "दुकान उघडं ठेव." मी म्हटलं, ठेवते. खोटं. दोन दिवस कुलूप आहे.

बाहेर बाकावर नवरा म्हणाला, "मी म्हटलं होतं सुधारलेत."

त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बाबांना बाहेर आणलं तेव्हा ते झोपेत होते. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. अजून आठवडाभर थांबला असतात तर मी काही सांगू शकलो नसतो.

१० मार्च, मंगळवार

शुद्ध पूर्ण आहे. डावा हात वर करतात, मूठ आवळतात. माझा हात दाबला तर दुखला! डाव्या पायाची बोटं हलवून दाखवली. डोकं दुखत नाही.

आणि आता ऐका — कुरकुर नाही!

नवरा सकाळपासून निकालाची वाट बघावी तसा खाटेशी उभा. शेवटी न राहवून विचारलं, "बाबा, इथला चहा कसा आहे?" तो चहा मी प्यायले आहे. गरम पाण्याला चहाची आठवण करून दिलीय, एवढंच.

बाबा म्हणाले, "बरा आहे."

नवरा बाहेर आला, चेहरा पडलेला. "अजून बरे नाहीत."

राउंडला आलेल्या डॉक्टरांना त्याने खरंच विचारलं — रक्त सगळं निघालं ना? कुठे राहिलं नाही ना? म्हणजे, ते अजून गोडच बोलतात. डॉक्टर हसले. "हात बरोबर, पाय बरोबर, फोटो स्वच्छ. स्वभाव मोजायचं मशीन आमच्याकडे नाही."

१४ मार्च, शनिवार

घरी आणलं. डोक्यावर पट्टी, पायात दोन्ही चपला. जिना एकटे चढले, मी मागे. दोन्ही पावलं सारखी वाजतायत.

माझं कोडं मात्र पुन्हा पहिल्यापासून. रक्तामुळे गोड झाले असतील तर रक्त गेलं, मग गोडी का नाही गेली? की जहाज अजूनही दिसत नाही? बैठकीच्या खोलीत येऊन खुर्चीत बसले, चित्राकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाले, "तू दमलीस. बस जरा." नणंदेला सांगितलं तर ती म्हणते, देवाने दिलंय ते घ्या, उकरत बसू नका. पण मला उकरल्याशिवाय चैन पडत नाही. कुठेतरी आत अजून काही साठतंय आणि कुणाला दिसत नाहीये, असं सारखं वाटतं.

जहाज तसंच ठेवलंय. रोज सकाळी आधी त्यांच्याकडे बघते, मग जहाजाकडे.

१८ मार्च, बुधवार

चहा घेत बसलो होतो, दोघंच. मी हिय्या करून विचारलं, "बाबा, ते चित्र सरळ आहे का हो?"

"नाही. पहिल्या दिवसापासून नाही. तूच वाकडं केलंस, आणि मग अजून थोडं."

"दिसत होतं? मग बोलला का नाहीत?"

कप खाली ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या रविवारी चष्मा राहिला म्हणून खाली आलो होतो. मागच्या खोलीच्या प्लायच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. तू रडत होतीस. तसाच वर गेलो. म्हटलं, आता या पोरीला काही बोलायचं नाही."

"आणि डोकं दुखत होतं ते? पाय जड झाला होता ते?"

"तीही कुरकुरच ना."

मला रडू आलं, त्या रविवारसारखंच, आवाज काढून. म्हटलं, "बोला बाबा. आजपासून रोज बोला. मागे उभं राहून बोला."

त्यांनी कप उचलला, एक घोट घेतला.

"चहा पाणचट झालाय," म्हणाले.